बकुळाबाईंचा खाडा

खाणावळीत खाडा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. जेवणाऱ्याला एखाद्या वेळी जेवायचं नसलं, तर त्याने खाणावळवालीला आधी सांगून ठेवायचं. मग तेवढं जेवण त्याच्या नावावर लागत नाही. गावी जत्रेला गेला, खाडा. मेव्हण्याच्या लग्नाला गेला, खाडा. हा हक्क जेवणाऱ्याचा. जेवायला घालणारीने खाडा घेतल्याचं निदान करी रोडला तरी कोणी ऐकलं नव्हतं.

आणि बकुळाबाईंनी तर नाहीच. त्यांचा नवरा कोंडीराम परब गिरणीच्या साचेखात्यात होता. तो गेला, तेरावं उरकलं, आणि दुसऱ्या सकाळी त्यांनी शेगडी पेटवली ती आजतागायत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गोळीबार झाला त्या वर्षी सगळ्या मुंबईत संचारबंदी होती, रस्त्यावर काळं कुत्रं दिसत नव्हतं, तेव्हाही बाईंच्या तळमजल्यावरच्या खोलीत भात शिजत होता आणि मागच्या दाराने माणसं येऊन जेवून जात होती. पंचवीस जण जेवायचे. सगळे देवगड-मालवणकडचे, बायकामुलं गावी ठेवून गिरणीत राबणारे. कोणाला पिठी जाड लागते, कोणाला भाताचा वरचा थर चालत नाही, कोणाचं पोट कुळथाने बिघडतं, सगळं बाईंना पाठ. आणि या पंचवीस बहाद्दरांपैकी एकाने, बाई, तुम्ही जेवलात का, असं कधी चुकून विचारलं असेल तर शपथ. वाईट नव्हते हो ते. पण खाणावळवाली जेवत असेल हे माणसांच्या डोक्यातच येत नाही. बाई सगळ्यांचं आटोपल्यावर मोरीशेजारी बसून उरलेलं जेवायच्या, आणि पानापेक्षा भिंतीकडेच जास्त बघायच्या.

तर अशा बाईंच्या उजव्या बरगडीखाली एक दिवस कळ उठली. जेवण झाल्यावर उठली, पाठीतून उजव्या खांद्यात गेली, आणि बाईंना घामाने अंघोळ घालून मगच थांबली. दोनदा, तीनदा असं झालं तेव्हा त्या परळच्या एका इस्पितळात गेल्या. तिथे कसल्याशा गोळ्या खायला घालून दुसऱ्या दिवशी पोटाचा फोटो काढला. तरुण डॉक्टर फोटो उजेडाकडे धरून म्हणाला, "पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. ऑपरेशन करून पिशवी काढावी लागेल. सोबत कोण आहे?"

"सोबत म्हणजे?"

"सही करायला, रक्त द्यायला, खाटेजवळ बसायला. नवरा, मुलगा, भाऊ, कोणीतरी असेलच ना?"

"घेऊन येते," असं म्हणून बाई निघाल्या.

कोणाला आणणार होत्या? मूलबाळ नव्हतं. भाऊ गावी होता, पण कोंडीराम गेला तेव्हा, मुंबईची खोली माझ्या नावावर कर, असं म्हणाला होता, तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. राहता राहिले पंचवीस जण. गिऱ्हाइकापुढे हात पसरायचा म्हणजे बाईंना मरणप्राय. तरी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि त्यातल्या त्यात जवळचा म्हणून धोंडूला सांगितलं. धोंडू कोंडीरामच्याच खात्यातला, पहिल्यापासूनचा जेवणारा. वाढता वाढता बाई म्हणाल्या, "धोंडू, माका इस्पितळात जावचा लागतला."

धोंडू भात कालवत होता. म्हणाला, "जा मगे काकी. पण जेवणाचा काय?"

बाईंनी त्याच्या पानात आणखी एक डाव आमटी घातली आणि तो विषय तिथेच मिटला. तुम्हाला राग आला ना धोंडूचा? मलाही येतो. बाईंना मात्र आला नाही. त्यांना वाटलं, बरोबरच विचारतोय तो. मी गेले तर जेवणाचं काय, याच्यापलीकडे माझ्याबद्दल विचारण्यासारखं आहे तरी काय?

दादरच्या बाजारात मालन नावाची भाजीवाली होती. बाई तिच्याकडून रोज पोतंभर माल न्यायच्या. बाईंचा हात सारखा बरगडीवर जातो हे तिच्या लक्षात आलं. तिने कर्णिक डॉक्टरांचं घर दाखवलं. "कापाकापी नाही, सुई नाही," ती म्हणाली, "साखरेच्या गोळ्या देतात. बसून ऐकून घेतात."

सोबत लागते का, एवढंच बाईंनी विचारलं. मालन म्हणाली, सोबत कशाला, माणूस आला की झालं.

शामराव कर्णिक विमा कंपनीतून निवृत्त झालेले. होमिओपथी त्यांनी नोकरीत असतानाच पुस्तकांवरून आणि एका गुरूंकडे बसून शिकलेली. बायको वारलेली. मुलगा-सून आतल्या खोल्यांत, आणि हे बाहेरच्या खोलीत आपली लाकडी पेटी घेऊन. खिडकीला जाड पडदे, कारण उन्हाने औषध बिघडतं. पेटीत बोटाएवढ्या बाटल्या ओळीने, आणि गोळ्या साबुदाण्याच्या कण्यांसारख्या. त्यांनी बाईंना समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली.

कळ जेवणाआधी येते की नंतर, हे ठीक. पण पुढे ते विचारायला लागले, झोपताना कोणत्या कुशीवर झोपता? पाय पांघरुणाबाहेर लागतात का? आंबट आवडतं की गोड? स्वप्नं कसली पडतात? भीती कशाची वाटते? बाईंना आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही. मग त्या उत्तरं द्यायला लागल्या. स्वप्नात पाणी दिसतं, आमच्या घरामागची खाडी दिसते, असं सांगताना त्यांना स्वतःलाच नवल वाटलं, कारण हे त्यांनी याआधी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं.

"रडू आलं तर चारचौघांत रडता, की एकट्या?"

"एकटी."

"कोणी समजूत घातली तर बरं वाटतं, की राग येतो?"

बाईंनी खूप विचार केला. मग म्हणाल्या, "ते ठाऊक नाही. कोणी घातली नाही कधी."

कर्णिकांनी चष्म्यावरून बघितलं, आणि तेही टिपून घेतलं. त्यांच्या शास्त्रात त्याचंही औषध असतं म्हणे. जाताना पथ्य सांगितलं. कांदा नको, लसूण नको, हिंग, कॉफी नको, तेलकट तर अजिबात नको. कापराचा वाससुद्धा नको, त्याने गोळ्यांचा गुण जातो. आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली. "मी कोणाला फसवत नाही. महिनाभर बघू, कळ थांबली तर पुढे जाऊ. पण औषध चालू असताना पुन्हा अशी कळ आली, तर ती माझ्या हातातली गोष्ट नाही. मग मी गोळी देणार नाही. सरळ ऑपरेशनला जायचं, माझ्याकडे यायचं नाही. दर गुरुवारी दुपारी येऊन सांगत जा."

पंचवीस माणसांच्या मालवणी जेवणात कांदा-लसूण नको! बाईंनी नाकाला फडकं बांधून कांदे चिरले. आमटीची चव घ्यायचं बंद केलं, त्यामुळे मीठ कधी दुप्पट, कधी गायब. गडी कुरकुरले. गणपतीत चाळीच्या आरतीला कापूर लागला, तशा बाई उठून सरळ दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. देवापुढून उठून जाणारी बाई चाळीने पहिल्यांदाच पाहिली. लोक वाट्टेल ते बोलले, कोणी म्हणालं माज आलाय, कोणी म्हणालं विटाळ असेल. बाई, का उठलात, असं मात्र एकानेही विचारलं नाही.

पण कळ थांबली. गोळ्यांनी थांबली, की तळलेलं बंद झालं म्हणून थांबली, ते देव जाणे, मी त्या भानगडीत पडत नाही. बाई दर गुरुवारी दोनच्या पाळीचे जेवून गेले की पदर खोचून दादरला निघायच्या. कर्णिक विचारायचे, झोप लागली का? खाडी दिसली का स्वप्नात? परवा उन्हात फार हिंडलात वाटतं, आवाज बसलाय? बाईंचं उभं आयुष्य दुसऱ्यांच्या आवडीनिवडी लक्षात ठेवण्यात गेलेलं. आपली आवड कोणीतरी लक्षात ठेवतंय, हे सुख फार उशिरा वाट्याला आलं, आणि उशिरा आलेल्या सुखाची माणसाला चटक लागते. आठवड्याचे बाकीचे दिवस म्हणजे गुरुवारला काय सांगायचं ते गोळा करायचे दिवस झाले.

मग एका संध्याकाळी शिवाजी पार्कावर संयुक्त महाराष्ट्राची मोठी सभा होती. सगळी चाळ रिकामी झाली. पंचवीसच्या पंचवीस जण घोषणा देत गेले. बाई भात चढवत होत्या, आणि ती कळ आली. पहिल्यापेक्षा मोठी. बाई शेगडीशेजारी फरशीवर आडव्या झाल्या. तांब्यात गरम पाणी भरून तो पोटाशी धरला, पदर तोंडात कोंबला. आणि एवढ्या वेदनेत त्यांच्या मनात काय आलं असेल? मरेन, हे नव्हे. मनात आलं, आता गुरुवार गेला.

भात करपू नये म्हणून त्या मध्येच उठल्या आणि पुन्हा येऊन पडल्या. सभा संपवून गडी आले, घसे बसलेले, चेहरे फुललेले. पानं मांडलेली होती. बाई भिंतीला धरून वाढत होत्या. धोंडू म्हणाला, "काकी, आमटीत मीठ कमी हा." बाईंनी मीठ आणून दिलं.

गुरुवारी कर्णिकांनी विचारलं, "या आठवड्यात दुखलं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी आत हाक मारून सुनेकडून चहा मागवला, बाईंसाठीसुद्धा. एकदा नाही म्हटलं, की पुढचं नाही म्हणणं सोपं जातं. कळ येत राहिली, बाई नाही म्हणत राहिल्या. दिवाळी गेली, शिमगा गेला. कर्णिक म्हणायला लागले, तुमचे खडे विरघळले, बकुळाबाई. आणि बाई मान डोलवायच्या. बाईंना खोट्याची चीड होती, उधारी बुडवणाऱ्याला त्यांनी एकदा चाळीतून हाकललं होतं. पण या एका खोट्याला त्या जिवापाड जपत होत्या.

अशाच एका गुरुवारी त्या गेल्या, तर त्यांच्या खुर्चीशेजारी एक तरुण बाई बसलेली. कर्णिक आनंदाने म्हणाले, "आल्या बघा. कमल, ह्याच त्या बकुळाबाई. ह्यांनासुद्धा इस्पितळाने ऑपरेशन सांगितलं होतं. विचार ह्यांनाच."

कमल वरळीच्या बीडीडी चाळीतली. नवरा जयवंत कांबळे गिरणीत होता, पण आता बेळगावच्या सत्याग्रहात जाऊन तिकडेच तुरुंगात अडकलेला. घरी सासू आणि दोन लहान पोरं. तिलाही इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि सोबत आणा म्हणून सांगितलं होतं. ती तारीख तिने टाळली, कारण दादरच्या बाजारात मालनने तिला करी रोडच्या एका बाईंची गोष्ट सांगितली होती. ऑपरेशनची तारीख ठरलेली म्हटल्यावर एरवी कर्णिकांनी तिला दारातूनच परत पाठवलं असतं. पण बाईंना आलेल्या गुणाने म्हाताऱ्याची भीड चेपली होती.

"खरंच गेलं का हो, मावशी?" कमलने विचारलं.

कर्णिक बघत होते. बाई म्हणाल्या, "हो. गेलं."

दोघी बरोबरच जिना उतरल्या. खाली उन्हात आल्यावर बाईंना दिसलं, कमलचे डोळे पिवळे होते. हळदीसारखे पिवळे. जाड पडद्यांच्या त्या खोलीत म्हाताऱ्याला ते दिसलं नसणार. ट्रामच्या थांब्यापर्यंत गेल्या नाहीत तोच कमल एका दुकानाच्या पायरीला टेकली. उजवा हात बरगडीखाली, पदर तोंडात. बाईंनी हे कधी बाहेरून पाहिलं नव्हतं. आपण अशा दिसतो, हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

जरा वेळाने कमल म्हणाली, "तुम्हालाही असंच व्हायचं का?"

काय पणाला लागलंय ते बाईंना नीट माहीत होतं. एकीकडे हिची दोन पोरं, आणि दुसरीकडे आपला गुरुवार. कोणी म्हणेल, यात विचार कसला करायचा? असं म्हणणाऱ्याला आयुष्यभर कोणीतरी विचारत आलेलं असतं. बाईंनी विचार केला. तेवढ्या वेळात एक ट्राम येऊन गेली.

"व्हायचं नाही, होतं," त्या म्हणाल्या. "परवाच झालं. माझं काही गेलेलं नाही, पोरी. मी खोटं बोलले."

बाईंनी तिला हाताला धरून उठवलं, पुन्हा जिना चढवला, आणि कर्णिकांच्या खोलीत जाऊन आधी पडदा बाजूला सारला. "हिचे डोळे बघा," त्या म्हणाल्या. मग स्वतःचं सांगितलं. सभेच्या दिवसापासूनचं सगळं.

कर्णिकांनी पेटीचं झाकण लावलं. "मी इतके महिने विचारत होतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही खोटं सांगत होता. का? तुमचा काय फायदा होता यात?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही विचारायचं बंद केलं असतं."

खिडकीतून आलेलं ऊन पेटीवर पडलं होतं, ते म्हाताऱ्याने झाकलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. हिचं झालं की तुम्ही जा. आता इथे येऊ नका." ते ठरल्याप्रमाणेच बोलत होते. पुढे दोन-तीन महिन्यांत त्यांनी दारावरची पाटीही काढली असं मालन सांगत होती. बाई पुन्हा त्या जिन्याकडे फिरकल्या नाहीत.

इस्पितळात कारकुनाने विचारलं, "सोबत कोण?"

"मी."

"नातं?"

"मावशी."

परब आणि कांबळे अशी दोन आडनावं वाचून कारकुनाने मान वर केली. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने लिहून घेतलं. तो दिवस आणि पुढचा दिवस बाई कमलच्या खाटेशी होत्या. करी रोडच्या खोलीला कुलूप होतं. बाईंच्या खाणावळीचा पहिला खाडा.

तिसऱ्या सकाळी त्यांनी शेगडी पेटवली. माणसं आली. बाईंनी मनातल्या मनात उत्तर तयार ठेवलं होतं, इस्पितळ, कमल, पिवळे डोळे, सगळं. धोंडू पानावर बसला, आणि म्हणाला, "काकी, दोन दिसांचो खाडो धर हां." बाई म्हणाल्या, धरते.

ऑपरेशन होऊन कमल बरी झाली. घरी जाताना म्हणाली, "आता तुमची पाळी. मी येईन सोबत." बाई हसल्या. असं माणूस म्हणतं. पोरांच्या, सासूच्या, पोटावरच्या टाक्यांच्या गडबडीत ही कुठून येणार? कमल मधूनमधून खाणावळीत डोकावून, कधी जाणार, म्हणून विचारायची, आणि बाई टोलवायच्या. मग एका पहाटे कळ आली ती उतरेचना. बाईंनी कोणाला काही सांगितलं नाही. दाराला कुलूप लावलं आणि भिंती धरत धरत इस्पितळ गाठलं.

"सोबत कोण?" तोच कारकून.

आता बाईंना खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"मग बसा तिथे बाकावर. बघू."

बाई बाकावर बसल्या. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याकडे बघून पुढे जात होती. तिकडे करी रोडला पंचवीस जणांनी कुलूप पाहिलं, आणि, आज पण खाडा वाटतं, असं म्हणत उसळपाव खायला गेले. दुपारी कमल डोकावली. तिनेही तेच कुलूप पाहिलं. ती तशीच मागे वळली आणि परळपर्यंत जवळजवळ धावत आली. कारकुनाने नातं विचारलं तेव्हा म्हणाली, "भाची. मागच्या खेपेला तुम्हीच लिहून घेतलंत की."

ऑपरेशन झालं. बाई वाचल्या. तोंडाने खायला परवानगी मिळाली त्या सकाळी कमल घरून डब्यात पेज घेऊन आली. पेला भरला, आणि हात मध्येच थांबवून म्हणाली, "आमच्या घरची आहे, मावशी. चालेल ना तुम्हाला?"

करी रोडच्या त्यांच्या खाणावळीत कांबळे आडनावाचं कोणी कधी जेवलेलं नव्हतं. नको म्हटलेलं नव्हतं, पण या असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. बाईंना ते आठवलं आणि लाज वाटली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

दुसऱ्या कोणी रांधलेलं त्यांनी शेवटचं कधी खाल्लं होतं, ते आठवेना. कोंडीराम असताना तो रविवारी चहा करायचा, तेवढाच. बाईंनी एक घोट घेतला.

"कशी झालीय?" कमलने विचारलं.

पेजेत मीठ कमी होतं. बाई म्हणाल्या, "चांगली झालीय. घाल आणखी."